कमलाअक्का गाडी विकणार नाहीत

कमलाअक्कांना कुणी "जाऊ द्या हो" म्हटलं की त्या पदर खोचायच्या. खरोखरच खोचायच्या. हे शब्द बोलणारा माणूस काहीतरी झाकतो आहे, अशी त्यांची खात्री होती. त्यांच्या सहवासात माझीही झाली, आणि ती मोडावी असं अजून तरी काही घडलेलं नाही.

चेन्नईच्या एग्मोर स्टेशनमागच्या गल्लीत आमच्या खालच्या घरात त्या राहायच्या. सोबत त्यांचे थोरले भाऊ. त्यांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा विधुर, अक्कांनी लग्नच केलं नव्हतं. अक्का उंच, काटकुळ्या. सुती साडी आणि पायांत पांढरे धावायचे बूट. साडीवर बूट बघून कुणी हसलं की विचारायच्या, "काय म्हणून हसलास? पाय म्हातारे, रस्ता महापालिकेचा. दोघांचाही भरवसा नाही."

त्यांची सगळी नोकरी स्टेशनातल्या चौकशीच्या खिडकीत गेली. "माणूस रांगेत उभा राहून आपल्यापाशी येतो," त्या सांगायच्या, "त्याला उत्तर मिळालं पाहिजे. वाईट असलं तरी मिळालं पाहिजे." एकदा वादळात दक्षिणेकडच्या गाड्या अडकल्या होत्या. वरून हुकूम आला, 'थोड्याच वेळात कळवू' एवढंच सांगत राहा. अक्कांनी खिडकीतून तोंड बाहेर काढून सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं सांगितलं, "आज गाडी नाही. लेकरं घेऊन भिजत बसू नका. घरी जा." दुसऱ्या दिवशी त्यांना खुलासा मागणारा कागद आला. त्यांनी त्याच कागदाखाली एक ओळ लिहून तो परत पाठवला : 'गाडी आली होती काय?' पुढे कुणी काही विचारलं नाही.

माझं बालपण पत्रकांत गेलं. बाबा बँकेत, आणि बँकेपेक्षा जास्त युनियनमध्ये. नागपूरहून बदली होऊन आम्ही चेन्नईत आलो तेव्हा सामानात भांड्यांपेक्षा जुन्या पत्रकांचे गठ्ठे जास्त होते. अक्षरं मी 'बंधू-भगिनींनो' वरूनच शिकले. पुढे मीच पत्रकं लिहायला लागले आणि ती आधी अक्कांना दाखवायची खोड लागली. त्या चष्मा कपाळावर चढवून वाचायच्या आणि म्हणायच्या, "यात 'निर्लज्ज' पुष्कळ वेळा आलंय गो. काय झालं ते एकदाही आलं नाही."

त्यांची मराठी तंजावरची. चाल तमिळ, शब्द जुने. 'का' नव्हे, 'काय म्हणून'. 'विचारलं' नव्हे, 'पुसलं'. आमच्या मराठी मंडळात महाराष्ट्रातून आलेली मंडळी त्यांच्याकडून मुद्दाम चार वाक्यं बोलवून घ्यायची आणि "किती गोऽड!" म्हणून एकमेकांकडे बघायची. पोपटाला बोलतं करतात तसं. अक्कांना ते कळायचं. त्या दिवशी त्या घरी येऊन अण्णांशी फक्त तमिळमध्ये बोलायच्या.

हे सांगायला हवं, कारण अक्का फसल्या त्या इथे.

अण्णांच्या खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. माणूस अवाढव्य, स्वभावाने तिखट. रिक्षात वाकता येईना, टॅक्सीच्या खोल सीटवरून उठता येईना. व्यायामासाठी दवाखान्यात तर न्यायलाच हवं. कुणीतरी सुचवलं, छोटी एसयूव्ही घ्या. तिची सीट बरोबर कमरेच्या उंचीला येते, माणूस नुसता सरकून बसतो. नवी परवडणारी नव्हती. म्हणून जुनी.

मंडळात भोसेकर नावाचे गृहस्थ होते. मूळचे कोल्हापूरकडचे, जुन्या गाड्यांची खरेदी-विक्री करायचे. त्यांनी अक्कांचं बोलणं हसून नव्हे, हात जोडून ऐकलं. म्हणाले, "अक्का, ही खरी मराठी. आमची तर बाटलेली. तुमचं ऐकताना माझी पणजी आठवते बघा." अक्का लाजल्या. मी त्यांना त्याआधी किंवा नंतर कधी लाजलेलं पाहिलं नाही. मग भोसेकर म्हणाले, "गाडी आपल्या माणसाकडून घ्या. इथल्या लोकांच्या नादाला लागू नका."

इथल्या लोकांच्या! अक्कांचे शेजारी, मैत्रिणी, वाणी, डॉक्टर, सगळे तमिळ. त्यांची घरची शिवीसुद्धा तमिळ. एरवी असं वाक्य त्यांनी बोलणाऱ्याच्या घशात घातलं असतं. त्या दिवशी घातलं नाही. भाजी घेताना वांगं फिरवून फिरवून बघणारी बाई, सोबत मेकॅनिकही न नेता गाडी घेऊन आली. चाकांखाली लिंबं ठेवली, कापूर लावला, अण्णांना पुढच्या सीटवर बसवलं. अण्णा सरकून बसले आणि राजासारखे हसले. आत मोगऱ्याचा वास घमघमत होता.

मोगरा विरला तसा खालचा वास वर आला. ओल्या गोणपाटाचा.

मग सुरू झालं. आधी पुढचं चाक खड्ड्यात गेलं की खटखट. गल्लीच्या टोकाला सेल्वमचं गॅरेज होतं; तो म्हणाला, सस्पेन्शनच्या कड्या गेल्यात. बदलल्या. मग क्लच जड झाला. तोही बदलला. मग एसीचा गॅस. टायरांची नक्षी एका बाजूनेच झिजलेली. पेन्शन येत होती आणि गाडी ती खात होती. अक्कांची तरी तक्रार नव्हती. "जुनी वस्तू घेतली, ती खर्च मागणार. म्हातारपण आहे ते," म्हणायच्या. अण्णा म्हणायचे, "माझ्याहून महाग म्हातारी आणलीस कमला. मला तरी टायर लागत नाहीत."

पण पुढे जे होऊ लागलं ते म्हातारपणासारखं दिसेना. भर सिग्नलला काच आपोआप खाली गेली आणि वर येईना. वळणाचा दिवा लावला की वायपर हलायचे. एकदा गाडी बंद करून, कुलूप लावून आम्ही घरात गेलो आणि हॉर्न आपला आपण वाजू लागला. सगळी गल्ली बाहेर आली. सेल्वमने फ्यूजचा डबा उघडला, हिरवा थर बघून घासून पुसला आणि म्हणाला, "जुनी गाडी, अम्मा. अशीच असते."

"म्हातारपण वेगळं, आजार वेगळा," अक्का म्हणाल्या. "हा आजार आहे."

आजाराचा पत्ता अण्णांच्या पोटाने लावला. दवाखान्याच्या वाटेवर पोलिसाने हटकलं : बेल्ट लावा. अण्णा आजवर बेल्ट नुसता मांडीवर धरून बसायचे, कारण तो त्यांच्या घेराला पुरायचा नाही असं त्यांचं मत. पोलीस हलेना. अण्णांनी चिडून बेल्ट ओढला, आणखी ओढला, पार शेवटापर्यंत ओढला. क्लिक झालं. पोलीस गेला. अण्णा म्हणाले, "कमला, हे काय माखलंय?"

बेल्टचा शेवटचा हातभर तुकडा, जो एरवी कधी बाहेर येतच नाही, तपकिरी होता. गाळाने कडक झालेला. आणि त्यावर सरळ एक रेघ, जशी पुरानंतर भिंतींवर राहते. चेन्नईत राहणाऱ्याला ती रेघ ओळखायला शिकवावं लागत नाही. आमच्या गल्लीतल्या भिंतींवरही ती होती.

अक्कांनी गाडी कडेला घेतली. सगळे बेल्ट ओढून पाहिले. सगळ्यांवर तीच रेघ. मग त्या पुन्हा आपल्या जागेवर बसल्या आणि किल्ली फिरवून दिवे बघत राहिल्या. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात लिहिलं होतं, एअरबॅगचा दिवा आधी लागतो आणि मग विझतो. लागून राहिला तर बिघाड. आमचा लागतच नव्हता. गॅरेजात नेल्यावर सेल्वमने उघडून पाहिलं तर दिव्याची जोडणीच तोडलेली. एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स दोन सीटांच्या मधे, खाली जमिनीलगत असतो. पाणी त्याच्यापर्यंत पहिल्यांदा पोचतं. तो मेला होता, आणि मेल्याचं कळू नये म्हणून कुणीतरी दिवा मारला होता.

"अण्णा इथे बसत होता," अक्का म्हणाल्या. एवढंच.

दुसऱ्या दिवशी आम्ही भोसेकरांच्या आवारात गेलो. त्यांनी फिल्टर कॉफी मागवली. अक्कांनी पेल्याला हात लावला नाही.

"एकच पुसते. गाडीत पाणी गेलं होतं काय? हो की नाही?"

"अक्का, जुन्या गाडीचं असं काही सांगता येत नसतं हो. मलाही आधीच्या मालकाने जे सांगितलं..."

"हो की नाही?"

"हे बघा, आपण आपली माणसं. तुमचे पैसे परत देतो. सगळे. गाडी इथे सोडून जा. फक्त कुठे बोलायचं नाही. बास?"

मला वाटलं, जिंकलो. इतक्या सहज पैसे परत देणारा व्यापारी मी पाहिला नव्हता. अक्कांनी किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या, त्यांवर हात ठेवून त्यांनी विचारलं, "आणि ही गाडी तुम्ही पुढे कुणाला देणार?"

"तो आमचा धंदा आहे."

"कुणाला?"

"येईल कुणीतरी. ओरगडमकडे कारखान्यातली पोरं असतात, लग्न झालं की गाडी बघायला येतात. तुम्ही कशाला काळजी करता? जाऊ द्या हो."

अक्कांनी पदर खोचला आणि किल्ल्या उचलल्या.

त्या दिवसापासून गोष्ट पैशांची राहिली नाही. ती गाडी दुसऱ्या कुणाच्या दारात जाऊ द्यायची नाही, एवढीच राहिली. वकील म्हणाला, व्यवहाराच्या कागदावर भोसेकरांचं नाव कुठेच नाही. आहे ते आधीच्या मालकाचं, आणि तो पत्ता सोडून गेलेला. खटला कुणावर करणार? मी पेटले होते. रात्रीचं जेवण सोडून पत्रक लिहिलं. सुरुवात होती, 'आपुलकीच्या मुखवट्याआड दडलेल्या लुटारूंनो!'

अक्कांनी वाचलं. "मुखवटा कुठे दिसला तुला? मी तर त्याचं तोंडच पाहिलंय."

"पण अक्का, राग आलाय मला!"

"मलाही आलाय. राग वाचून कुणाला गाडी तपासता येते काय?"

त्यांनी सगळं खोडलं. उरलं ते हे : 'भोसेकर यांच्याकडून आम्ही जुनी गाडी घेतली. ती पुरात बुडालेली होती. हे आम्हाला सांगितलं नाही. जुनी गाडी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझतो का पाहा. विश्वास बसत नसेल तर आमच्या घरी येऊन आमचा बेल्ट पाहा. कमला राव.' एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तमिळ. मी आजवर वाचलेल्या पत्रकांत याच्याइतकं जहाल दुसरं नाही.

गणेशोत्सवात मंडळाच्या दाराशी उभ्या राहून त्या ते वाटू लागल्या. मंडपाच्या कमानीवर देणगीदार म्हणून भोसेकरांचं नाव झळकत होतं. अध्यक्ष धावत आले. निवृत्त अधिकारी, रेशमी झब्बा.

"अक्का, अहो काय हे! परक्या मुलखात आपण मूठभर माणसं. आपणच आपल्या माणसाची अब्रू काढायची?"

"परका मुलूख?" अक्का म्हणाल्या. "माझ्या पणजोबांची राख कावेरीत आहे. तुम्हाला परका असेल. तुम्ही परत जाणार."

"तसं नव्हे हो, पण..."

"आणि मला 'आपली' म्हणू नका. तो म्हणाला होता तेव्हाच मी उठून यायला पाहिजे होतं. न तपासता घेतलेली ती एकच वस्तू. तीच बुडाली."

तोवर गर्दी जमली होती आणि भोसेकरही आले होते. ते हात पसरून सगळ्यांना म्हणाले, "मी पैसे परत देतो म्हणतोय! सगळ्यांदेखत म्हणतोय! अजून काय करू मी?"

"द्या," अक्का म्हणाल्या. "आत्ता द्या, आत्ता किल्ल्या घ्या. फक्त गाडीच्या काचेवर मोठ्या अक्षरांत लिहा, बुडालेली. ते पुसायचं नाही."

"असं लिहिलं तर घेईल कोण ती?"

भोसेकरांच्या तोंडून निघून गेलं. आत आरतीची झांज थांबली होती, त्यामुळे ते सगळ्यांनी ऐकलं. अक्का गर्दीकडे वळून शांतपणे म्हणाल्या, "ऐकलंत ना? कुणी घेणार नाही, हे यांना ठाऊक आहे."

गर्दी खजील झाली असेल, कुणी पुढे होऊन अक्कांचा हात धरला असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही धरला. लोक आरतीला गेले. प्रसादाच्या रांगेत बायकांनी अक्कांना जागा दिली नाही, आणि पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं नाही. अक्का बोलावण्याशिवाय गेल्या. पहिल्या रांगेत बसल्या. बूट न काढता. अध्यक्ष बुटांकडे बघत राहिले, पण ते काढा म्हणायची छाती झाली नाही.

घरचा मोर्चा याहून कठीण होता. अण्णांना पैसे परत हवे होते. बुडालेली गाडी आता दारात नुसती उभी होती; भाड्याच्या गाडीत त्यांना बसवताना सेल्वम एका बाजूने आणि मी दुसऱ्या बाजूने धरायचो, आणि ते कळवळून ओरडायचे, "कमला, मला तत्त्वावर बसवून दवाखान्यात नेणार आहेस काय?"

"तुझ्या जागी कुणाचं तरी लेकरू बसलं असतं, अण्णा."

"मी त्या लेकराला ओळखत नाही!"

"मी पण नाही," अक्का म्हणायच्या आणि त्यांचा दुखरा पाय उचलून अलगद आत ठेवायच्या.

अण्णांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नव्हतं, आजही वाटत नाही. दुखणं त्यांचं होतं. पण अक्कांनी त्यांना एकदाही गप्प केलं नाही. ते ओरडायचे, त्या ऐकायच्या, आणि गाडी विकायच्या नाहीत.

गिऱ्हाइकं येत होती, हे विशेष. पत्रक वाचूनही येत होती. एक दलाल तर बेल्ट बघून खूश झाला. म्हणाला, बेल्ट बदलून टाकू, काही प्रश्न नाही. सेल्वमने सुद्धा दबक्या आवाजात सांगितलं की लांबच्या गावातली पार्टी आहे, चांगला भाव देईल, कुणाला कळणार नाही. अक्कांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने त्या आठवड्यात आमच्या गल्लीतून जाणंच टाळलं. पण ओरगडमच्या कारखान्यातलं एक जोडपंही आलं. त्यांनी भोसेकरांकडे एक गाडी ठरवत आणली होती. त्या मुलीने आमचा बेल्ट स्वतः ओढला, रेघेवरून बोट फिरवलं, नवऱ्याकडे पाहिलं. ती दोघं निघाली. दाराशी बायको एवढंच म्हणाली, "नंद्री, अम्मा." आभार. अक्कांनी त्या दिवशी अण्णांना स्वतःच्या हाताने बदामाचा हलवा करून घातला. अण्णांनी तो खाल्ला आणि मग म्हणाले, "तरी तू चुकलीसच."

गाडी शेवटी भंगारात द्यायचं ठरलं. त्याच सुमारास बाबांची पुन्हा बदली झाली होती, आमचं सामान बांधून झालं होतं, म्हणून अक्कांचं माझ्याकडे राहिलेलं शेवटचं चित्र त्या दिवसाचं आहे.

ओरगडमच्या पलीकडे गाड्या तोडायचं परवान्याचं आवार होतं. क्रेनच्या ट्रकवर चढवून गाडी तिथे नेली. ऊन मी म्हणत होतं. तिथला मुकादम सभ्य माणूस होता. त्याने चासीवरच्या नंबराचा तुकडा कापून वेगळा केला, सही घेतली आणि आपल्या माणसांना कामाला लावलं. दारं निघाली, काचा निघाल्या, टायर निघाले. जे पुन्हा विकता येईल ते एका बाजूला जाऊ लागलं. अक्का बघत होत्या. काचेला पाणी लागून काय होणार? दाराने कुणाचा जीव जात नाही.

मग सीटांच्या मधून हाताच्या पंजाएवढा चंदेरी डबा निघाला आणि मुकादमाने तोही त्याच बाजूला ठेवला.

"तो कशाला ठेवलास, तंबी?" धाकट्या भावाला हाक मारावी तसं अक्कांनी तमिळमध्ये विचारलं.

"एअरबॅगचा आहे अम्मा. याला गिऱ्हाईक आहे."

"तो मेलेला आहे."

"बाहेरून कुठे दिसतंय? बघा, नव्यासारखा आहे. कुणाला कळतंय?"

"कुणाला कळणार नाही," अक्का म्हणाल्या. "हातोडा दे."

मुकादम हसला. मग त्याला दिसलं की बाई हसत नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी आकाशाकडे पाहिलं. त्याने हातोडा दिला. तो जड होता, अक्कांचा हात खाली ओढला गेला. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, डबा लोखंडी पत्र्यावर ठेवला आणि घाव घातला. डबा टणकन उडून लांब पडला. तोडणारी माणसं थांबून बघू लागली. अक्का गेल्या, डबा उचलून आणला, पुन्हा ठेवला, आणि या वेळी एका बुटाने कडेला दाबून धरला. दुसऱ्या घावाला कवच फाटलं. आतली हिरवी पट्टी दुभंगली, आणि तिच्या फटीतून वाळलेला, बारीक, तपकिरी गाळ पत्र्यावर सांडला.

"तुटला, अम्मा," मुकादम म्हणाला. "झालं. तुटला तो."

"तुटलेलं विकतात," अक्का म्हणाल्या. "मी घेतलंय."

आणि त्यांनी हातोडा पुन्हा उचलला.